पहिली निवड कोणाची? 1967 च्या नवोदितांच्या ड्राफ्टमधील शिकागो कब्जचे प्रकरण

ऐतिहासिक बेसबॉलच्या संगणकावरील व्यवस्थापन खेळात ड्राफ्टचा, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा, दिवस हा सगळ्यांत अवघड दिवस असतो. समोरच्या यादीतील तरुण खेळाडू पुढे काय झाले हे आपल्याला इतिहासाने आधीच सांगून ठेवलेले असते, आणि तरीही निवड सोपी होत नाही. किंबहुना ती अधिक अवघड होते, कारण इतिहासातला पुढचा काळ माहीत असणे आणि आपल्या खेळातला पुढचा काळ माहीत असणे या दोन गोष्टी आपण नकळत एकच समजू लागतो. मी स्वतः एका ड्राफ्टमध्ये ही गल्लत केली. निवडलेला खेळाडू चुकीचा नव्हता, परंतु निवडीमागचे कारण अर्ध्याहून अधिक चुकीचे होते. ते प्रकरण येथे सविस्तर मांडत आहे.

खेळ होता ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’. जर्मनीच्या मार्कुस हाइन्झोन यांनी उभी केलेली ही मालिका 1999 पासून चालू आहे आणि तिच्या ऐतिहासिक प्रकारात अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलचा एकोणिसाव्या शतकापासूनचा कोणताही हंगाम उघडून, कोणत्याही संघाची सूत्रे हाती घेऊन खेळ सुरू करता येतो. मी 1966 चा हंगाम निवडला आणि शिकागो कब्ज हा संघ घेतला. प्रत्यक्षात त्या वर्षी लिओ ड्युरोशर यांच्या हाताखालच्या या संघाने 59 सामने जिंकले, 103 गमावले आणि नॅशनल लीगमध्ये तळ गाठला. माझ्या हातीही वेगळे काही घडले नाही. हंगाम संपला तेव्हा दोन्ही लीग मिळून असलेल्या वीस संघांत आम्ही विसावे होतो, आणि म्हणून 1967 च्या नवोदितांची पहिली निवड आमच्याकडे आली.

खेळाचे कोणते नियम मी लावले होते हे आधी सांगायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे. पहिला नियम असा की कोणताही नवोदित आपोआप आपल्या मूळ संघात जाणार नाही. ज्या वर्षी त्याने प्रत्यक्षात मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, पदार्पण केले, त्या वर्षीच्या हंगामाआधी तो सर्वांसाठी खुल्या ड्राफ्टमध्ये येईल, आणि संघ उलट्या क्रमाने त्याची निवड करतील. दुसरा नियम गुणांकनाचा. खेळाडूचे कौशल्य खेळातील विकास-यंत्रणेवर न सोडता, ते दरवर्षी त्याच्या खऱ्या आकडेवारीवरून नव्याने काढले जाईल, आणि त्यासाठी चालू वर्षासोबत आधीचे एक आणि नंतरचे एक अशा तीन वर्षांचा आधार घेतला जाईल. तिसरा नियम पैशाचा. त्या काळी ‘रिझर्व्ह क्लॉज’ लागू होते, म्हणजे करार संपला तरी खेळाडू संघाच्याच ताब्यात राहत असे. ही व्यवस्था 1975 च्या डिसेंबरमधील मेसरस्मिथ आणि मॅकनॅली यांच्या प्रकरणातील लवादाच्या निर्णयापर्यंत टिकली. माझ्या खेळातही ती तशीच ठेवली होती. त्यामुळे त्या दिवशी घेतलेला खेळाडू, मी स्वतः त्याची अदलाबदल केली नाही तर, जवळजवळ आख्खे दशक माझाच राहणार होता.

या तीन नियमांत बहुतेक जण पहिल्या नियमाकडे लक्ष देतात. खरे वजन दुसऱ्याचे असते.

आता यादीकडे वळू. 1967 हे पदार्पणाचे वर्ष असलेल्या खेळाडूंची यादी बेसबॉलच्या इतिहासातील फार श्रीमंत याद्यांपैकी एक आहे. पिचर (चेंडू टाकणारा) टॉम सीव्हर, सेकंड बेसमन रॉड कॅरू, कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) जॉनी बेंच आणि बाहेरच्या मैदानातला रेजी जॅक्सन हे चौघेही त्याच वर्षी मैदानात उतरले आणि चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, गेले. त्यांच्यापाठोपाठ जेरी कूझमन, ग्रेग नेटल्स, एमॉस ओटिस, रे फॉसी, स्पार्की लाइल आणि गॅरी नोलान. खऱ्या 1967 च्या जूनमधील ड्राफ्टमध्ये कब्जने दुसऱ्या क्रमांकावर टेरी ह्यूज या शाळकरी खेळाडूला घेतले होते आणि त्याच्या वाट्याला मेजर लीगमधले मोजकेच सामने आले. ते आठवले की माझ्यासमोरच्या यादीचे मोल अधिकच जाणवत होते.

तथापि, ही सगळी नावे आपल्याला आजच्या उजेडात दिसतात. 1967 या एका वर्षाच्या आकड्यांत त्यांतील काही अगदीच फिकी आहेत. बेंच त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस उतरला, 26 सामने खेळला आणि 86 वेळा फलंदाजी करून 14 हिट (बेस गाठून देणारे फटके) मिळवू शकला, सरासरी 0.163. जॅक्सनने 35 सामन्यांत 118 वेळांत 21 हिट मिळवले, सरासरी 0.178, आणि तो 46 वेळा स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाला. कॅरूने मात्र पहिल्याच वर्षी 0.292 ची सरासरी राखून अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित हा मान मिळवला, तर नॅशनल लीगमध्ये तो मान सीव्हरकडे गेला. सीव्हरने 16 सामने जिंकले, 251 इनिंग टाकल्या, 170 फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि नऊ इनिंगमागे 2.76 धावा एवढाच त्याने दिलेल्या धावांचा हिशेब होता.

एका वर्षाच्या आकड्यांवर गुणांकन ठेवले असते, तर बेंच आणि जॅक्सन हे दोघे यादीच्या तळाशी दिसले असते आणि संगणकाच्या हातातील संघांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. तीन वर्षांच्या चौकटीत चित्र पालटते. 1966 मध्ये या दोघांचे मेजर लीगमधले आकडे नाहीतच, त्यामुळे 1967 आणि 1968 ही दोन वर्षे उरतात. 1968 मध्ये बेंचने 564 वेळांत 155 हिट मिळवले. दोन्ही वर्षांची साधी बेरीज केली तर 650 वेळांत 169 हिट होतात, म्हणजे 0.260. जॅक्सनचे त्याच पद्धतीने 671 वेळांत 159 हिट, म्हणजे 0.237, शिवाय 1968 चे 29 होम रन (एकाच फटक्यावर सगळे बेस पार करून काढलेली धाव). कॅरूचे 975 वेळांत 276, म्हणजे 0.283. खेळ स्वतः याहून बारीक हिशेब करतो, त्यात वर्षांची वजने असतात आणि कमी संधी मिळालेल्यांसाठी वेगळी तजवीज असते. पण कोण कुठे सरकतो हे समजायला एवढी बेरीज पुरते. मी ती रात्री उशिरा वहीत केली, चार स्तंभ आखून, आणि बेंचच्या स्तंभाखाली दोनदा रेघ ओढली. एकोणीस वर्षांच्या कॅचरने पहिल्या दिवसापासून 0.260 च्या पातळीची फलंदाजी करावी आणि पुढची दहा-बारा वर्षे चढत जावे, ही साधी बाब नव्हती.

आकडे वाचताना त्या काळाचे हवामानही ध्यानात घ्यावे लागते. 1963 पासून स्ट्राइक झोन (फलंदाजासमोरचा वैध चेंडूचा पट्टा) मोठा केला गेला होता, पिचरचा उंचवटा 15 इंचांचा होता, आणि 1968 पर्यंत फलंदाजी इतकी दबली की त्या वर्षी कार्ल यास्ट्रेम्स्कीने 0.301 च्या सरासरीवर अमेरिकन लीगचे फलंदाजीचे विजेतेपद मिळवले आणि बॉब गिब्सनचा हिशेब नऊ इनिंगमागे 1.12 धावा एवढा खाली गेला. 1969 मध्ये उंचवटा 10 इंचांवर आणला आणि झोन आखडला. म्हणून 1967-68 मधील एखाद्या पिचरचे चमकदार आकडे थोडे उतरवून आणि फलंदाजाचे फिके आकडे थोडे चढवून वाचावे लागतात. खेळ हे आपल्या परीने करतो, परंतु ड्राफ्टच्या पडद्यावर बसलेला माणूस ते विसरतो आणि 2.58 पाहून हुरळून जातो.

2.58 हा आकडा गॅरी नोलानचा. या प्रकरणातील मला सर्वांत बोधप्रद वाटणारा खेळाडू तोच. एप्रिल 1967 मध्ये तो सिनसिनाटी रेड्सकडून उतरला तेव्हा अठरा वर्षांचा होता, आणि त्याने 14 सामने जिंकत 206 फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. सीव्हर तेव्हा बावीस वर्षांचा होता. केवळ त्या वर्षाचे आकडे आणि वये शेजारी ठेवली तर कोणताही जाणता माणूस नोलानला निवडेल. चार वर्षांनी लहान, स्ट्राइकआउट अधिक, धावा कमी. माझ्या खेळात विकास-यंत्रणा चालू असती, म्हणजे खेळाडूंची वाढ आकडेवारीऐवजी खेळाच्या स्वतःच्या गणिताने ठरत असती, तर मीही कदाचित त्यालाच घेतले असते, आणि ते चूक ठरले नसते. अठराव्या वर्षी एवढ्या उंचीवर असलेल्या पिचरला वाढायला भरपूर जागा असते आणि त्याचा हात दुखावेलच असे त्या गणितात कुठेही लिहिलेले नसते.

परंतु माझा नियम दुसरा होता. आकडेवारीवरून काढलेल्या गुणांकनात नोलानचा दुखरा हात त्याच्या आकड्यांतून येणारच. 1968 मध्ये तो 150 इनिंगपर्यंतच गेला, 1969 मध्ये आणखी कमी. 1972 मध्ये 15 सामने जिंकून 1.99 पर्यंत उतरला, आणि मग 1973 जवळजवळ पूर्ण व 1974 संपूर्ण बाहेर. त्याची कारकीर्द 1977 मध्ये आटोपली. त्याच सुमारास सीव्हर मात्र 1968 पासून 1976 पर्यंत सलग नऊ हंगाम दोनशेहून अधिक स्ट्राइकआउट करत होता. एकाच यादीतील दोन पिचर, एकाच ड्राफ्टचा दिवस, आणि योग्य उत्तर कोणते हे खेळाडूकडे पाहून ठरतच नाही. ते आपण सहा महिन्यांपूर्वी, खेळ मांडताना, कोणत्या खुणेवर बोट ठेवले त्यावर ठरते. नवख्यांना मी नेहमी सांगतो की ड्राफ्टची तयारी मांडणीच्या पानापासून करावी.

संघाची गरज हा यानंतरचा मुद्दा. 1967 च्या कब्जकडे पाहिले तर हा तळाचा संघ वाटत नाही. तिसऱ्या बेसवर रॉन सँटो, डावीकडे बिली विल्यम्स, पहिल्या बेसवर वय झालेला पण अजून खमका अर्नी बँक्स, मधल्या फळीत डॉन केसिंजर आणि ग्लेन बेकर्ट, कॅचर म्हणून रँडी हंडली, आणि पिचरमध्ये फर्ग्युसन जेंकिन्स व तरुण केन होल्ट्झमन. प्रत्यक्षातही हा संघ 1967 मध्ये 87 सामने जिंकून तिसरा आला. उणीव होती ती बाहेरच्या मैदानात, विशेषतः मध्यभागी आणि उजवीकडे, आणि जेंकिन्सच्या जोडीला रोज भरवसा ठेवता येईल अशा एका पिचरची.

या नजरेने पाहिले तर कॅरू लगेच मागे पडला. बेकर्ट हा चांगला सेकंड बेसमन होता. कॅरू त्याच्याहून थोर, पण फरक भरून येणारी जागा दुसरीकडे होती. जॅक्सन उजव्या बाजूची उणीव थेट भरून काढणारा होता आणि कब्जच्या रिगली फील्डसारख्या फलंदाजांना अनुकूल मैदानात त्याचे होम रन आणखी वाढले असते. परंतु तीन वर्षांच्या चौकटीतही पहिली दोन वर्षे तो कच्चाच राहणार होता आणि त्याचे 47 होम रनचे वर्ष 1969 मध्ये यायचे होते. बेंचच्या वाटेत हंडली उभा होता, आणि तो साधासुधा अडथळा नव्हता. 1967 मध्ये त्याने क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवला आणि 1968 मध्ये तर 160 सामन्यांत कॅचिंग केले.

उरला सीव्हर. पिचरची उणीव होती, पिचर समोर होता. इथवर माझा विचार सरळ होता.

मात्र खरे सांगायचे तर मी त्याला घेतले ते एवढ्यासाठी नव्हे. माझ्या डोक्यात 1969 होते. ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या वर्षी कब्ज नॅशनल लीगच्या पूर्व गटात, म्हणजे ईस्ट डिव्हिजनमध्ये, उन्हाळाभर पुढे होते, ऑगस्टच्या मध्याला न्यूयॉर्क मेट्स सुमारे दहा सामन्यांनी मागे होते, आणि हंगाम संपला तेव्हा मेट्सचे 100 विजय होते, कब्जचे 92. त्या मेट्सचा कणा सीव्हर होता. 25 विजय, 7 पराभव. 9 जुलै 1969 रोजी मेट्सच्या शे स्टेडियमवर त्याने कब्जचे पहिले पंचवीस फलंदाज ओळीने बाद केले, आणि नवव्या इनिंगमध्ये एक बाद असताना जिमी क्वॉल्स या नवोदिताच्या एका हिटने तो निर्दोष सामना, म्हणजे एकाही फलंदाजाला बेस गाठू न देण्याचा विक्रम, मोडला. क्वॉल्स त्या दिवशी मध्यभागी खेळत होता, कारण आदल्या दिवशी त्या जागेवरच्या डॉन यंगकडून शेवटच्या इनिंगमध्ये दोन उंच चेंडू निसटले होते आणि कब्जने हातातला सामना घालवला होता. सीव्हर मेट्सकडे गेला तोही चिठ्ठीने. 1966 मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याच्याशी केलेला करार आयुक्त विल्यम एकर्ट यांनी रद्द ठरवला, कारण त्याच्या विद्यापीठाचा हंगाम सुरू झाला होता. मग तेवढीच रक्कम द्यायला तयार असलेल्या फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड आणि मेट्स या तिघांची नावे टोपीत टाकण्यात आली आणि मेट्सचे नाव निघाले. त्या चिठ्ठीने कब्जच्या वाट्याला जे आले ते मला माझ्या हाताने पुसायचे होते. सीव्हर घेतला की एका दगडात दोन पक्षी: कब्जला पिचर मिळेल आणि मेट्सकडून तो जाईल. मी त्याच्या नावावर टिचकी मारली.

चूक इथे होती आणि ती लगेच दिसली. दुसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क यांकीजने नोलानला घेतले. तिसऱ्या क्रमांकावर होते मेट्स, आणि त्यांनी बेंचला घेतले.

हे अनपेक्षित नव्हते. मी ते पाहिले नव्हते एवढेच. संगणकाच्या संघांना खेळाडूचे सध्याचे गुण आणि संभाव्य क्षमता या दोन्ही गोष्टी दिसतात, स्काउटच्या, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्याच्या, नजरेतून आणि म्हणून थोड्या धूसर, पण दिसतात. माझ्या मांडणीत संभाव्य क्षमता संपूर्ण कारकिर्दीवरून काढली जात होती. त्यामुळे 0.163 चा बेंच त्यांच्या लेखी 0.163 चा नव्हताच. मी मनाशी धरले होते की पहिल्या निवडीत सीव्हर घ्यावा आणि बेंच घसरत घसरत एकविसाव्या क्रमांकापर्यंत, म्हणजे माझ्या दुसऱ्या निवडीपर्यंत, आला तर बोनस समजावा. तो तिसऱ्यावरच गेला. प्रतिस्पर्ध्याकडून एक खेळाडू काढून घेतला म्हणजे त्याची जागा रिकामी राहत नाही, कारण त्याच्याही हातात त्याच यादीतील निवड असते, आणि या यादीत सीव्हरच्या खाली उतरायचे म्हणजे फार खाली उतरायचे नव्हते. 1969 पासून एका डिव्हिजनमधील संघ परस्परांशी वर्षाला 18 सामने खेळू लागले होते. मेट्सच्या पिचरऐवजी मी मेट्सचा कॅचर स्वतःच्या हाताने घडवला होता, आणि पिचर चार दिवसांतून एकदा समोर येतो, कॅचर जवळजवळ रोज.

एकविसाव्या क्रमांकावर माझ्यासमोर दोन नावे उरली: ओटिस आणि फॉसी. ओटिस मध्यभागी खेळणारा, चपळ, पुढे 2020 हिट आणि 341 चोरलेले बेस (चेंडू टाकला जात असतानाच पळून गाठलेले) एवढी मजल मारणारा, पण 1970 मध्ये कॅन्सस सिटीला जाईपर्यंत न उमललेला. फॉसी कॅचर, ज्याने 1970 मध्ये 0.307 ची सरासरी आणि 18 होम रन केले आणि त्याच वर्षीच्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात, पीट रोझ त्याच्यावर आदळल्यानंतर ज्याची फलंदाजी पुन्हा त्या उंचीला गेली नाही. मध्यभागची उणीव, डॉन यंगचा तो दिवस, हे सगळे डोळ्यांपुढे होतेच. मी ओटिस घेतला.

ही निवड मला आजही पटते, परंतु फॉसीचा विचार करताना आकडेवारीच्या गुणांकनाबद्दल एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मला अस्वस्थ करून गेली. माझ्या जगात 1970 चा तो ऑल-स्टार सामना त्या रीतीने झालाच नाही. रोझ धावला नाही, धडक झाली नाही, फॉसीचा खांदा शाबूत राहिला. तरीही 1971 उजाडताच त्याचे गुण उतरले, कारण खेळ ज्या आकड्यांवरून गुण काढतो ते धडकेनंतरचे आकडे होते. नोलानचा हातही असाच: यांकीजने त्याला कितीही जपून वापरले तरी 1973 मध्ये तो कोसळणारच होता. कारण नाहीसे झाले तरी परिणाम ठरल्या वेळी हजर होतो. या नियमाखाली ड्राफ्ट करणाऱ्याने खेळाडूच्या चरित्रातील अपघात हे अपघात मानू नयेत. ते वेळापत्रक आहे.

आणि ते वेळापत्रक मी हंडलीच्या बाबतीत वाचलेच नव्हते. 160 सामन्यांत कॅचिंग केलेल्या माणसाचे गुडघे 1970 मध्ये गेले. त्या वर्षी तो 73 सामने खेळला आणि 1971 मध्ये अवघे 9. बेंचच्या वाटेत हंडली उभा आहे असे मी म्हणालो होतो, पण तो केवळ तीन वर्षे उभा राहणार होता आणि ड्राफ्टमधला खेळाडू दशकभरासाठी होता. माझ्या संघात 1968 मध्ये हंडलीला मी दर आठवड्याला दोन दिवस विश्रांती दिली, त्याच्या थकव्याचा आकडा हिरवा राहील याची काळजी घेतली, आणि तरी 1971 च्या वसंतात त्याच्या गुणांचे स्तंभ एका रात्रीत लाल झालेले पाहिले. त्या क्षणी वहीतली बेंचखालची दुहेरी रेघ आठवली.

निकालाचे सांगायचे तर सीव्हरने त्याच्याकडून अपेक्षित असलेले सगळे दिले. रिगली फील्डवर त्याच्या धावा शे स्टेडियमपेक्षा थोड्या अधिक गेल्या, ते साहजिकच होते, कारण शे हे पिचरला झुकते माप देणारे मैदान होते. पण सँटो आणि विल्यम्स पाठीशी असल्याने विजयांची संख्या घटली नाही. जेंकिन्स आणि सीव्हर ही जोडी सलग दोन दिवस पाठवता येणे हे सुख मी या खेळात दुसऱ्या कोणत्याही संघासोबत अनुभवलेले नाही. 1969 मध्ये मेट्स चौथे आले. ज्या शत्रूसाठी मी तयारी केली होती तो मैदानात आलाच नाही. डिव्हिजन जिंकली सेंट लुई कार्डिनल्सनी, गिब्सन आणि स्टीव्ह कार्लटनच्या जोरावर, आम्ही दोन सामन्यांनी मागे राहिलो, आणि त्या हंगामात मेट्सविरुद्धच्या अठरापैकी आम्ही सात जिंकले होते.

त्या अठरा सामन्यांची पाने मी नंतर एकेक करून वाचली. बेंचने आमच्याविरुद्ध फार होम रन केले असे नाही. त्याने बेस चोरू दिले नाहीत. केसिंजर आणि ओटिस पहिल्या बेसवर पोहोचले की मी त्यांना पळवायचो, ही माझी सवय. मेट्सविरुद्ध ते पुन्हा पुन्हा बाद होत राहिले, आणि तरी माझा हात ती सूचना द्यायला थांबला नाही. हा दोष ड्राफ्टचा नव्हे, माझ्या सामना चालवण्याचा आहे. पण कॅचरचे मोल मी फलंदाजीच्या स्तंभात मोजले होते आणि त्याच्या हाताचा स्तंभ वहीत आखलाच नव्हता, हे ड्राफ्टच्या रात्रीचेच अपयश म्हटले पाहिजे.

1971 च्या हिवाळ्यात मी होल्ट्झमन देऊन कॅचर आणला. तो फॉसी नव्हता. फॉसी कोणी द्यायला तयार नव्हते आणि त्याचे वेळापत्रक मला आता ठाऊक होते. आणलेला माणूस मध्यम प्रतीचा होता आणि मध्यम प्रतीचाच राहिला. पहिल्या निवडीत बेंच घेतला असता तर होल्ट्झमन माझ्याकडे राहिला असता, हंडलीला 1968 मध्ये चांगल्या किमतीला देऊन बाहेरच्या मैदानासाठी कोणी आणता आला असता, आणि पिचरची उणीव जेंकिन्स व होल्ट्झमनच्या भरवशावर कशीबशी भागली असती. हा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला. सीव्हरचे पारडे अजूनही जड वाटते, कारण त्या काळी चार पिचर आळीपाळीने टाकत आणि वर्षाला 280 इनिंग टाकणारा थोर पिचर संघाचे जेवढे सामने स्वतःच्या अंगावर घेतो तेवढे कोणताही फलंदाज घेऊ शकत नाही. पण ते पारडे मी त्या रात्री तोलले नव्हते. मी 1969 ची परतफेड करत होतो, आणि मेट्सच्या टोपीतून निघालेली चिठ्ठी माझ्या जगात कधी निघालीच नव्हती.

ड्राफ्टच्या आदल्या दिवसाची प्रत मी जपून ठेवली होती. मागच्या महिन्यात ती पुन्हा उघडली आणि पहिल्या निवडीत बेंचला घेतले, एवढाच बदल केला. यांकीजनी पुन्हा नोलान घेतला. मग मेट्सची पाळी आली, पडद्यावरचे घड्याळ काही क्षण चालत राहिले, आणि त्यांनी सीव्हरला घेतले. तो खेळ आता जून 1969 पर्यंत आला आहे. बेंच प्लेटमागे आहे, हंडलीच्या बदल्यात आलेला मध्यभागचा खेळाडू ठीक चालला आहे, आम्ही चार सामन्यांनी पुढे आहोत, आणि पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कला तीन सामन्यांचा दौरा आहे.